जळालेल्या फेजच्या जागी किती अँपिअरचा मॉस्फेट टाकायचा?

तू विचारलंयस ते आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुझं गोव्यात साखळीला कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान. पणजीच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा मदरबोर्ड आलाय, एएमडीच्या एएम४ सॉकेटचा, स्वस्तातला, चार फेजवाला (फेज म्हणजे प्रोसेसरला करंट पुरवणारा एक वाटा, दोन मॉस्फेट आणि एक कॉइल), आणि त्यावर त्याने रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर बसवून रात्र रात्र रेंडर लावला. एक दिवस टप्प करून आवाज, धूर, खेळ खल्लास. तू उघडून पाहिलंस तर व्हीआरएममधला, म्हणजे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या भागातला, एक मॉस्फेट (चालू-बंद होणारा स्विच) फुटलाय, नंबर ४सी१०एन. आता बाजारात तसल्याच पॅकेजमध्ये ८०-१०० अँपिअरवाला मिळतोय, तर "दादा, ४६ अँपिअरच्या जागी मोठाच टाकू का? गिऱ्हाईक नवीन बोर्ड घेतो म्हणाला तर १६ फेजवाला सांगू का? आणि हे कॉइल, कॅपेसिटर वगैरे लोक नक्की कशावरून निवडतात?"

मोठा टाकू नकोस. का ते सांगायला थोडा वेळ लागेल, चहा घेऊन बस.

मी बावीस वर्षं ह्याच कामात आहे, त्यातली सहा वेर्ण्याच्या एका कारखान्यात पॉवर सप्लायच्या टेस्टिंगवर गेली आणि बाकीची म्हापशात स्वतःच्या टेबलावर. कारखान्यात शिकलेली एक गोष्ट दुकानात रोज उपयोगाला येते ती म्हणजे पार्टावरचा अँपिअरचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचं की प्रोसेसर मागतोय किती, तेवढं देताना त्या पार्टात वॅट किती जळतात, आणि जळलेले वॅट जातात कुठे.

मागणी बघ. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा, सप्लायमधून आलेले ५ व्होल्ट थेट घ्यायचा, मध्ये भानगड काही नाही. आज प्रोसेसरला साधारण ०.७ ते १.४ व्होल्ट लागतात आणि करंट शंभर-दोनशे अँपिअर. तुझ्या ५९००एक्सवर १०५ वॅट लिहिलंय पण सॉकेटला खरी परवानगी आहे १४२ वॅटची, सतत ९५ अँपिअर आणि क्षणभर १४० अँपिअर. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटवर १७० वॅटवाल्यांना २३० वॅट, १६० आणि २२५ अँपिअर. इंटेलचा आय९ १३९००के तर २५३ वॅट आणि ३०७ अँपिअरपर्यंत. ज्या आकड्यांवरून पार्ट निवडायचे ते हे, बॉक्सवरचा १०५ नव्हे. आमच्याकडे येणाऱ्या जळक्या बोर्डांतले बरेच ह्या एका गैरसमजाने जळलेले असतात, प्रोसेसर "सपोर्टेड" यादीत आहे ना, मग चालणार, असं धरून. चालतो की, पण किती वेळ ते यादीत लिहिलेलं नसतं.

आता १२ व्होल्टचे १.२ करायचे म्हणजे वरचा मॉस्फेट (१२ व्होल्टकडचा) वेळेच्या फक्त दहा टक्के चालू आणि खालचा (जमिनीकडचा) नव्वद टक्के. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मी निवड झाली. तुझ्याच बोर्डाचा हिशेब करून दाखवतो. ९५ अँपिअर, चार फेज, म्हणजे एका फेजला २४. चोवीसचा वर्ग ५७६. तुझ्या फोटोत प्रत्येक फेजला वर एक ४सी१०एन आणि खाली एक ४सी०६एन दिसतोय. खालच्याचा आरडीएस ऑन, म्हणजे चालू असतानाचा रेझिस्टन्स, साधारण ४ मिलिओहम, तो नव्वद टक्के वेळ चालू, म्हणजे ५७६ गुणिले ०.००४ गुणिले ०.९, झाले दोन वॅटच्या वर. पण हे २५ डिग्रीवर. पार्ट तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, शंभरच्या पुढे गेला की दीडपटीच्या जवळ, म्हणजे झाले तीन वॅट. वरच्याचा रेझिस्टन्स सात मिलिओहम पण तो दहाच टक्के चालू, म्हणजे अर्धा वॅट, ह्यात त्याला काही त्रास नाही. त्याला त्रास चालू-बंद होण्याचा. १२ व्होल्ट, २४ अँपिअर, चालू आणि बंद व्हायला मिळून २० नॅनोसेकंद धर, ३०० किलोहर्ट्झ, अर्ध्याने गुणायचं, की पाऊण वॅटच्या वर जातो. शिवाय दोघं बंद असतानाचा जो क्षण असतो त्यात खालच्याचा डायोड थोडं खातो, कॉइल थोडं खाते. सगळं मिळून एका फेजला पाच वॅटच्या घरात, चार फेजला वीस. वीस वॅटची सोल्डरिंग आयर्न असते ना, तेवढी उष्णता बोटभर जागेत, आणि त्या बोर्डाला हीटसिंक नाही, म्हणजे सगळी तांब्यातून आणि सॉकेटच्या बाजूने जाणार. वर त्या माणसाने पाण्याचा कूलर लावलाय म्हणतोस, म्हणजे साध्या कूलरच्या पंख्याची जी झुळूक व्हीआरएमवर पडते तीसुद्धा गेली. ह्यावर लक्ष दे, कारण पाण्याचा कूलर लावला म्हणजे सगळं थंड असं लोकांना वाटतं आणि व्हीआरएम बिचारा कोपऱ्यात भाजत असतो.

आता ४६ अँपिअरचं काय? डेटाशीटच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो त्याच्या ओळीत बारीक लिहिलेलं असतं, केसचं तापमान २५ डिग्री. म्हणजे पार्टाचं बूड कोणीतरी बर्फावर धरून ठेवलंय असं समजून काढलेला आकडा. त्याच टेबलात खाली हवा २५ डिग्री आणि पार्ट बोर्डावर बसवलेला असतानाचा आकडा असतो, तो बघितलास तर हसशील. त्यामुळे ४६ आणि ८० ची तुलना करूच नकोस. तुलना करायची ती आरडीएस ऑनची, तीही ज्या गेट व्होल्टेजवर ड्रायव्हर (मॉस्फेटच्या गेटला चालू-बंद करणारी चिप) त्याला चालवतोय त्या रकान्यातली. ड्रायव्हर ५ व्होल्टचा असेल तर ४.५ व्होल्टचा रकाना, १० चा नाही. आणि त्याच्या जोडीला गेट चार्ज, म्हणजे गेट चालू करायला लागणारा चार्ज.

ह्या गेट चार्जने मला एकदा चांगलंच रडवलंय म्हणून सांगतो. दुकान टाकून दोनेक वर्षं झाली असतील, गणेश चवथीच्या आधीची गर्दी, एक बोर्ड आला, खालचा मॉस्फेट गेलेला. माझ्याकडे नेमका तो नव्हता, त्याहून भारी होता, रेझिस्टन्स निम्मा, अँपिअर दुप्पट. मनात म्हटलं, गिऱ्हाइकाला फुकट अपग्रेड. लावला, चालू झालं, तासभर चालवून दिला. तिसऱ्या दिवशी बोर्ड परत, आणि ह्यावेळी वरचा फुटलेला, आणि प्रोसेसरही गेला. झालं काय होतं, तर भारी मॉस्फेटची चिप मोठी, त्यामुळे ड्रेन आणि गेटमधलं कपॅसिटन्स मोठं. वरचा चालू झाला की मधला पॉइंट शून्यावरून १२ व्होल्टवर काही नॅनोसेकंदात उडी मारतो, ती उडी त्या कपॅसिटन्समधून खालच्याच्या गेटवर पोचते आणि बंद असायला हवा तो खालचा किंचित उघडतो. म्हणजे क्षणभर दोघेही चालू, १२ व्होल्ट सरळ जमिनीत. हे सेकंदाला तीन लाख वेळा. मीटरवर काही दिसत नाही, बोर्ड सुरू होतो, विंडोज येतं, आणि आत दोघं एकमेकांना भाजत असतात. तेव्हापासून खालचा मॉस्फेट निवडताना मी क्यूजीडी (गेट-ड्रेनचा चार्ज) आणि क्यूजीएस (गेट-सोर्सचा) शेजारी शेजारी लिहून बघतो, पहिला दुसऱ्यापेक्षा कमी हवा. वरचा निवडताना एकूण गेट चार्ज कमी हवा, रेझिस्टन्स थोडा जास्त चालेल. वरचा चपळ, खालचा दणकट, आणि एकाच्या जागी दुसरा बसवायचा नाही. प्रोसेसरचे पैसे मी भरले, त्या वर्षी चवथीला घरात नवीन कपडे नाहीत.

फेज म्हणजे काय हे तुला माहीत आहे पण कॉइल आणि कॅपेसिटर कसे निवडतात ते त्यावरच उभं आहे, म्हणून रायबंदर-चोडणची फेरी, नदी ओलांडणारी फेरीबोट, डोळ्यासमोर आण. पलीकडून माणसं फेरीतून येतात, धक्क्यावर उतरतात, आणि धक्क्यावरून बस त्यांना घेऊन जाते. बस म्हणजे प्रोसेसर, फेरी म्हणजे फेज, धक्का म्हणजे कॅपेसिटर. एकच मोठी फेरी असेल तर ती आली की धक्क्यावर मरणाची गर्दी आणि ती गेली की शुकशुकाट. चार लहान फेऱ्या वेळ वाटून सोडल्या की धक्क्यावर माणसं जवळपास सारखीच राहतात आणि धक्का लहान असला तरी भागतं. फेज जास्त घ्यायचं एक कारण हे, दुसरं म्हणजे उष्णता पसरते. इनपुटच्या बाजूलाही तेच. २०० अँपिअर एकाच फेजमधून काढायचे म्हटले तर १२ व्होल्टच्या बाजूच्या कॅपेसिटरांना ६० अँपिअरचा रिपल, म्हणजे करंटचा चढ-उतार, सोसावा लागेल, आणि आठ फेजनी वेळ वाटून घेतली तर तोच साधारण १० वर येतो. १६ व्होल्ट २७० मायक्रोफॅरडचा चांगला पॉलिमर कॅपेसिटर साधारण ५ अँपिअर रिपल सोसतो, म्हणजे दोनवर कसंबसं भागेल, मी तीन-चार लावीन, आणि प्रत्येक फेजच्या वरच्या मॉस्फेटला अगदी चिकटून सिरॅमिक. तो सिरॅमिक २५ व्होल्टचाच घे. १६ चा १२ व्होल्टवर चालतो, फुटत नाही, पण डीसी व्होल्टेज चढलं की ह्या सिरॅमिकची कपॅसिटी उतरते, छापलेले १० मायक्रोफॅरड १२ व्होल्टवर निम्मेसुद्धा उरत नाहीत कधी कधी, विशेषतः अगदी लहान साइजमध्ये.

आता खरी गंमत. बस अचानक बंद पडली. रेंडर संपला, प्रोसेसरने एका झटक्यात शंभर अँपिअर कमी मागितले. फेऱ्या तर नदीत आहेत, त्या माघारी वळत नाहीत, माणसं धक्क्यावर येणारच. कॉइलमधला करंट तसाच. तुझ्या बोर्डावर कॉइलवर आर३३ लिहिलंय, म्हणजे ३३० नॅनोहेन्री. करंट चढवताना तिच्यावर १०.८ व्होल्ट ढकलायला असतात, म्हणजे एका फेजला मायक्रोसेकंदाला साधारण ३३ अँपिअर, चार मिळून १३०, शंभर चढायला पाऊण मायक्रोसेकंद पुरे. पण उतरवताना तिच्यावर फक्त १.२ व्होल्ट. चार फेज मिळून मायक्रोसेकंदाला साडेचौदा. म्हणजे शंभर उतरायला सात मायक्रोसेकंद, आणि तेवढ्या वेळात आलेला सगळा चार्ज कॅपेसिटरांनी गिळायचा. तुझ्या बोर्डावर ५६० मायक्रोफॅरडचे आठ आहेत, हिशेब केलास तर व्होल्टेज ७५ मिलिव्होल्टच्या वर चढतं, आणि सुरुवातीला ईएसआरमुळे (कॅपेसिटरच्या आतल्या रेझिस्टन्समुळे) जो धक्का बसतो तो वेगळा, एकेकाचा ७ मिलिओहम धरला तर आठ मिळून ०.९, गुणिले शंभर अँपिअर, जवळपास ९० मिलिव्होल्ट. प्रोसेसर मरतो तो बहुतेक वेळा चढलेल्या व्होल्टेजने, आणि लोक बघत बसतात व्होल्टेज पडलं किती.

म्हणून कॉइल लहान घेतात. तीच आर१५ घेतली, १५० नॅनोहेन्री, आणि फेज आठ केल्या, तर तेच शंभर दीड मायक्रोसेकंदात उतरतात. मग सगळे आर१५ का घेत नाहीत? कारण कॉइल लहान केली की प्रत्येक फेजचा रिपल वाढतो, तो आवरायला फ्रीक्वेन्सी ५००-६०० किलोहर्ट्झवर न्यावी लागते, फ्रीक्वेन्सी वाढली की वरच्या मॉस्फेटची ती चालू-बंदची उष्णता त्याच प्रमाणात वाढते, आणि तुझे ते ४सी१०एन तिथेच शिजतात. सगळं असं एकात एक गुंतलेलं आहे. कॉइल बदलली की मॉस्फेट बदलावा लागतो, मॉस्फेट बदलला की ड्रायव्हर बघावा लागतो. एक पार्ट उचलून भारी केला आणि बोर्ड सुधारला असं होत नाही, माझं ते फुकट अपग्रेड आठव.

कॉइलमध्ये अजून एकच बघायचं, ती भरते कधी, म्हणजे किती करंटला तिचा कोअर आणखी चुंबकत्व घेईनासा होतो. तुझ्या बोर्डावर एका फेजवर क्षणभर ३५ अँपिअर, त्यावर रिपलचे साडेपाच, म्हणजे टोक ४० च्या वर. कॉइलचा सॅच्युरेशन करंट ह्याच्या बराच वर हवा, आणि तो गरम असताना. फेराइटची कॉइल शंभर डिग्रीवर लवकर भरते आणि भरली की एकदम कोसळते, कॉइलची वायर होते. पावडरच्या कोअरची हळूहळू उतरते, माफ करते. मला स्वतःला माफ करणारी आवडते, जरी ती जरा जास्त तापली तरी.

डीआरमॉस म्हणजे हे वरचा, खालचा आणि ड्रायव्हर तिघंही एकाच पॅकेजमध्ये, २००४ मध्ये इंटेलने ह्याचं स्पेसिफिकेशन काढलं. तिघं शेजारी बसल्यामुळे मधल्या ट्रॅकचा त्रास संपतो आणि त्यांची जोडी कंपनीने आधीच जुळवलेली असते, म्हणून आता चांगल्या बोर्डावर सुटे मॉस्फेट दिसत नाहीत. त्याच्याही पुढचे स्मार्ट पॉवर स्टेज, ते आपला करंट आणि तापमान स्वतः सांगतात. इन्फिनिऑनचा टीडीए २१४७२ हा ७० अँपिअरचा, रेनेसासचा आयएसएल ९९३६० हा ६० चा आणि ९९३९० हा ९० चा, आणि व्हिशेचा एसआयसी ६३९ हा साधा डीआरमॉस, ५० चा. इथेही आकड्यावर भाळू नकोस, डेटाशीटमधला लॉसचा ग्राफ उघड. मी एका फेजला २५-३० अँपिअरच्या वर सतत चालवत नाही, त्यापुढे ग्राफ उभाच चढतो. ९० चा पार्ट घ्यायचा तो ९० काढायला नव्हे तर २५ वर थंड राहायला.

आणि बदलताना फार सांभाळ. एकाच बोर्डावर सात एका कंपनीचे आणि आठवा दुसऱ्याचा, पाय जुळतात म्हणून, असं करू नकोस. पाय जुळले तरी करंट सांगायची भाषा वेगळी असते, कोण दर अँपिअरला ५ मिलिव्होल्ट देतो, कोण मायक्रोअँपिअरमध्ये बोलतो. कंट्रोलर बिचारा ते ऐकून सगळ्या फेजना सारखं वाटून देतो, आठवा कमी सांगत असेल तर त्याच्यावर जास्त ओझं टाकत बसतो आणि आठवा मरतो. कंट्रोलरकडून येणारा चालू-बंदचा पीडब्ल्यूएम सिग्नलही कोणाचा ३.३ व्होल्टचा कोणाचा ५ चा. नंबर तोच हवा, बस.

ह्यातून तुझ्या १६ फेजचं उत्तर येतं. बॉक्सवरचे १६ म्हणजे कंट्रोलरचे १६ असतीलच असं नाही. कधी आठ सिग्नल डब्लर (एका सिग्नलचे दोन करणारी चिप) लावून सोळा केलेले, त्यात प्रत्येकाची फ्रीक्वेन्सी निम्मी होते आणि प्रतिसाद जरा उशिरा. कधी एकाच सिग्नलवर दोन-दोन स्टेज बांधलेले, त्यात वेळ वाटली जात नाही पण उशीरही होत नाही, आणि उष्णता पसरते. दोन्ही चोरी नाही, काम चालतं. इन्फिनिऑनच्या एक्सडीपीई १३२जी५सी सारखे खरे १६ देणारे कंट्रोलर आहेत, पण ते महागड्या बोर्डांवर. तुझ्या गिऱ्हाइकाला १४२ वॅटसाठी सोळाची गरजच नाही. पाच-सहा खऱ्या फेज, प्रत्येकी ५०-६० वाले डीआरमॉस, आणि वर वजनदार हीटसिंक, नुसता रंगीत पत्रा नको, बास झालं. दुकानात बोर्ड हातात घे आणि हीटसिंकचं वजन बघ. हे शास्त्र नाही, पण मी तसंच करतो.

लोडलाइनबद्दल थोडंच. करंट वाढला की व्होल्टेज थोडं उतरतं ते मुद्दाम ठेवलेलं असतं, एक मिलिओहमची लोडलाइन असेल तर ९५ अँपिअरला ९५ मिलिव्होल्ट. वर सांगितलेली ती बस बंद पडल्यावरची उडी मावायला जागा हवी म्हणून. पोरं बायॉसमध्ये जाऊन हे उतरणं बंद करतात, लोडलाइन कॅलिब्रेशन शेवटच्या लेव्हलला, आणि मग उडी वरच्या वर जाते. व्हीआरएम किती द्यायचं ते स्वतः ठरवत नाही हेही लक्षात ठेव, एएम४ वर एसव्हीआय२ आणि एएम५ वर एसव्हीआय३ नावाच्या सिग्नलवरून प्रोसेसर मागतो आणि तो देतो. २०२३ मध्ये एएम५ वर एक्स३डी प्रोसेसर जळाले तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाच्या व्होल्टेजला) १.३ ची मर्यादा घालायला लावली. त्यात फेज कितीही असत्या तरी काही फरक पडला नसता.

आता आपल्याकडचं. पुस्तकात हे नसतं. जुलैत गोव्यात हवेत नव्वद टक्के ओल, आणि चिपवाल्या पॉलिमर कॅपेसिटरना आणि क्यूएफएन (बिनपायांच्या चपट्या) पॅकेजना ती ओल आत घ्यायची सवय. पाकीट फोडून महिनाभर ड्रॉवरमध्ये पडलेला पार्ट सरळ हॉट एअरखाली धरलास तर आतलं पाणी वाफ होऊन तो लाहीसारखा फुटतो, बाहेरून कधी दिसतंही नाही. मी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो आणि पावसाळ्यात लावायच्या आधी भाजून घेतो, डेटाशीटमध्ये किती डिग्री किती तास ते असतं. आयुष्याचं म्हणशील तर १०५ डिग्रीला ५००० तासांचा पॉलिमर ८५ वर ५०,००० तास जातो, वीस डिग्रीला दहापट, म्हणून त्याला गरम मॉस्फेटच्या कुशीत बसवलेला बोर्ड दिसला की मी तो ठेवून देतो. जुना पाण्याचा इलेक्ट्रोलिटिक दहा डिग्रीला फक्त दुप्पट, त्यामुळे तो बदलताना पॉलिमरच टाक, ईएसआर बघून.

आणि खारं वारं. कांदोळीच्या बाजूच्या हॉटेलांची बिलिंगची मशीनं येतात, समुद्र रस्त्यापलीकडे, प्रोसेसरच्या आठ पिनांच्या १२ व्होल्ट कनेक्टरवर हिरवट थर. मागे एकाचा कनेक्टर ओढला तर एक पिन तपकिरी झालेली आणि प्लास्टिक तिच्यावर वितळून बसलेलं, वास अजून येत होता. मोठ्या प्रोसेसरला पूर्ण लोडवर एका पिनमधून पाच अँपिअर जातात, पिनेच्या तोंडाशी २० मिलिओहम जरी वाढले तरी तिथे अर्धा वॅट, रोज बारा तास. तो माणूस म्हणत होता लाईट वरखाली होते म्हणून बोर्ड गेला. लाईट वरखाली होते ती सप्लाय सांभाळतो, व्हीआरएमपर्यंत ती सहसा पोचत नाही. तुझ्या बोर्डाचा तो कनेक्टर आधी भिंगाखाली बघ.

आता हातातलं काम. ४सी१०एन म्हणजे वरचा फुटलाय, आणि वरचा शॉर्ट झाला की १२ व्होल्ट कॉइलमधून थेट प्रोसेसरवर. नशीब चांगलं असेल तर कंट्रोलरने खालचे सगळे चालू करून सप्लाय पाडला असेल. प्रोसेसर काढून ठेव आणि दुसऱ्याच्या बोर्डावर तपासल्याशिवाय परत बसवू नकोस. हो, आणि प्रोसेसर बसलेला असताना कॉइल आणि जमिनीमध्ये मीटर बीप करतो, एक ओहमच्या आसपास दाखवतो, तो शॉर्ट नसतो, मोठे प्रोसेसर तसेच असतात. त्या बीपवरून तू चांगले मॉस्फेट काढत बसशील.

त्या फेजचे वरचा आणि खालचा दोन्ही काढ, खालचा बरा दिसला तरी. ड्रायव्हरचे गेटचे पाय तपास, मॉस्फेट फुटताना १२ व्होल्ट गेटवर जातात आणि ड्रायव्हर अर्धमेला होतो. नंबर तेच टाक, जमल्यास एखाद्या मेलेल्या बोर्डावरून उतरवलेले, बाजारातल्या "नवीन" पेक्षा माझा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे, कारण घासून परत छापलेले फार येतात. घेतलेच तर आधी तपास, गेटला १० व्होल्ट दे आणि ड्रेन-सोर्समधून ५ अँपिअर सोड, ४ मिलिओहमचा असेल तर २० मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. चाळीस दिसले तर पाकिटासकट परत.

मग बेंच सप्लायवरून १२ व्होल्ट, लिमिट अर्धा अँपिअर, आठ पिनांच्या कनेक्टरला. बोर्ड बंद असताना जवळपास काहीच ओढता कामा नये. ओढला तर बोट फिरव, गरम पार्ट सापडेल. नंतर एखादा स्वस्त जुना एथलॉन बसवून तासभर चालव, मग खरा.

आणि गिऱ्हाइकाने नवीन बोर्ड घेतला नाही, जुनाच चालवतो म्हणाला, तर बायॉसमध्ये ६५ वॅटचा इको मोड लावून दे. त्यात ८८ वॅट, सतत ६० अँपिअर आणि क्षणभर ९० अँपिअर अशा मर्यादा बसतात. ६० भागिले चार म्हणजे १५, पंधराचा वर्ग २२५, आधी होता ५७६. खालच्या मॉस्फेटची उष्णता चाळीस टक्क्यांवर आली, पैसे शून्य. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, ते त्याला आधीच सांग, नाहीतर तुझ्या नावाने ओरडत येईल. आणि त्या पाण्याच्या कूलरच्या बाजूला व्हीआरएमवर वारा पडेल असा एक लहान पंखा बांध, सुतळीने बांधलास तरी चालेल.

बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकला नाहीस. मॉस्फेटच्या खालच्या भागात तांबं काळं पडलंय का ते मला बघायचंय, पडलं असेल तर मग वरचं सगळं वाचून काही उपयोग नाही, बोर्ड पार्ट काढायला डोनर म्हणून ठेवून दे.